मागच्या सीटवरचे चिकू

मसोली, डहाणू
रविवार, दिवाळीनंतरचा

प्रिय मयू,

पत्र बघून घाबरू नकोस, इथे सगळे धडधाकट आहेत. विनोद कालपासून सासुरवाडीला, आपल्या वाडीवर मुक्कामाला आहे, उद्या सकाळी निघेल तेव्हा हे त्याच्या खिशात घालीन. फोन करता आला असता, पण तुमच्या पाड्यावरची रेंज म्हणजे पाहुणी, आली तर आली. आणि आली तरी तू काय करतेस ते मला ठाऊक आहे. पप्पांचं नाव निघालं की तू मला आज भाजी कसली केली ते विचारतेस. कागदाला असं मध्येच तोडता येत नाही, म्हणून कागद घेतला. सवय गेली आहे, अक्षराला हसू नकोस.

आधी कामाचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा महिना संपायच्या आत मुलीला खाली आणून ठेवा. तपासणी दर आठवड्याला हवी, आणि वेळ आलीच तर ऑपरेशनची सोय असलेलं हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर हवं. तुझं म्हणणं विनोदने सांगितलं. तू तिथेच राहणार, सासूबाई आहेत, आरोग्य केंद्र आहे, अगदीच अडलं तर जीप आहे. आमच्या विहीणबाईंच्या, हिरीबाईंच्या हातून निम्मा पाडा जन्माला आलाय, माझा त्यांच्यावर भरवसा आहे. पण डॉक्टरीणबाई मागच्या वेळचं लक्षात ठेवून बोलतात, आणि मागच्या वेळचं आपण कुणीच विसरलेलो नाही. तू बाळंतपणाला घरी यावंस, असं मला फार वाटतं. ते कसं, हे सांगायला मात्र मला जरा वळसा घ्यावा लागणार, कारण मध्ये दोन मोठ्या गाड्या उभ्या आहेत.

तुझ्या पप्पांनी गाडी घ्यायचं काढलं. ज्या माणसाने एका चपलेला तीनदा अंगठा लावून घेतला, तो माणूस गणपतीत एक दिवस जेवताना म्हणाला, की मोठी गाडी घेऊ या. पूर्वेकडची कलमं रस्त्यात गेली त्याचे पैसे बँकेत नुसते पडून होते, त्यांच्याकडे त्यांनी ढुंकून बघितलं नव्हतं. जुनी गाडी विकल्यापासून पिकअपवरच सगळं चाललं होतं. मला आधी वाटलं थट्टा आहे. मग वाटलं म्हातारचळ लागला. शेजारची दक्षा तर तोंडावरच म्हणाली, "दौलतभाई, आता या वयात कुणाला फिरवणार?" पप्पा हसले नुसते.

विनोद बिचारा सरळ माणूस. तो म्हणाला, आमच्याकडे साधी जीप चढते, तीच घ्या, स्वस्तही पडेल. पप्पा एका ओळखीच्याच्या जीपमध्ये बसून कोसबाडच्या टेकडीवर जाऊन आले आणि कंबर धरूनच उतरले. त्यांचं म्हणणं असं, की ज्या गाड्या चढतात त्या हाडं खिळखिळी करतात, आणि ज्या हाडांना जपतात त्या चढत नाहीत. दोन्ही करणारी पाहिजे. अशी गाडी असते, पण ती राजेलोकांना परवडते, असं विनोदच्या तोंडून गेलं आणि झालं, तिथून पप्पांना तो ध्यास लागला.

वापीला एक डीलर आहे, असल्या महागड्या गाड्या थोड्या वापरून झाल्या की विकतो. त्याच्याकडचा ऋषभ नावाचा मुलगा आमच्या पदरी पडला. किंवा आम्ही त्याच्या पदरी पडलो म्हण. दोन गाड्यांवर गोष्ट येऊन थांबली. एक जर्मन, काळीभोर, अंगाने बसकी आणि आत दिवाणखान्यासारखी. तिच्या चाकांवर हवेच्या पिशव्या आहेत म्हणे, त्यामुळे रस्त्याचे धक्के वरपर्यंत पोचत नाहीत. दुसरी विलायती, शेवाळी रंगाची, उंच आणि चौकोनी, पाण्यातून, चिखलातून, दगडांवरून चालते अशी तिची ख्याती. मी त्यांना काळी आणि हिरवी म्हणायला लागले, पुढे ऋषभही तेच म्हणायला लागला. महिनाभर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. गाडीचं पोट जमिनीपासून किती वर, टायरची कड किती जाड, चढणीचा हळू गिअर वेगळा आहे की नाही. एकदा पप्पांनी मला भाताच्या मुदीवर वरणाचा ओहोळ करून त्यात बटाट्याची फोड कुठे अडकते ते दाखवलं. मी म्हटलं, आधी जेवा, गाडी मग चढवा.

आता खरी गंमत ऐक. ट्रायलच्या दिवशी ऋषभ काळी घेऊन आला, तर पप्पा शेडमधून चिकूंचा ट्रे घेऊन बाहेर. निम्मे पिकलेले, बोट लावलं तर दबतील असे, एकच थर, खाली ना पेंढा ना कागद. तुला सांगायला नको, चिकूला मार लागला तर तो लगेच बोलत नाही. वरून गुळगुळीत दिसतो, दोन दिवसांनी कापला की आत काळा निघतो. आपल्याकडचे लोक टेम्पोवाल्याची परीक्षा अशीच घेतात, पण एवढ्या किमतीच्या गाडीची ही परीक्षा घेणारा तुझा बापच पहिला. ऋषभचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अंकल, मी काय बोलतो, डिक्कीत ठेवू ना, सीटचं लेदर आहे." पप्पा म्हणाले, "डिक्कीत कोण बसतं?" आणि त्यांनी तो ट्रे मागच्या सीटवर ठेवला, डाव्या बाजूला. वरून पट्टा लावला, दोनदा ओढून बघितला. मी पुढे बसले. मला तेव्हाही वाटलं, डावीच बाजू का.

आशागडवरून चारोटी, तिथून महामार्गाने तलासरी. काय सांगू, मयू, तलासरीपर्यंत मला चक्क झोप लागली. ट्रक शेजारून गेले ते मला ऐकूसुद्धा आले नाहीत. पण उधव्याच्या पुढे तुमचा रस्ता लागला, पावसाने खाऊन ठेवलेला, आणि पहिल्याच ओहोळात काळीचं पोट दगडावर घासलं. तो आवाज आला तसा ऋषभने डोळे मिटले. पप्पा म्हणाले, अजून चढण राहिली. तो म्हणाला, अंकल, माझी नोकरी राहू द्या. चाकं गोट्यांवर फिरत राहिली, ट्रे पट्ट्याखालून सरकून दाराला आपटला, आणि आम्ही उलटे फिरलो. तू तिथून अर्ध्या तासाच्या चालीवर होतीस. मला तुझ्याकडे यायचं होतं, पण पप्पा म्हणाले, रिकाम्या हाताने काय जायचं. मला ते तेव्हा समजलं नाही.

पुढच्या आठवड्यात हिरवी आली. महामार्गावर ती डुलते. उंच गाडी, वारा लागतो, चारोटीच्या पुलावर मला बोटीत बसल्यासारखं झालं आणि मी तलासरीपर्यंत लिंबू हुंगत बसले. मी मनात म्हटलं, ही गेली. पण तुमच्या रस्त्याला लागल्यावर ऋषभने एक बटण फिरवलं आणि तीच गाडी वेगळी झाली. वाडीवर कामाला येणारी आपली सुकी डोक्यावर हंडा घेऊन बांधावरून चालते ना, घाई नाही की थांबणं नाही, तशी ती ओहोळातून गेली आणि चढण चढली. वर हिरीबाई भेटल्या, सरपणाची मोळी घेऊन. त्यांनी काचेतून आत बघितलं, पट्टा लावून बसवलेला ट्रे बघितला, दार उघडून त्यातला एक चिकू घेतला आणि तिथेच उभ्या उभ्या खाल्ला. मग म्हणाल्या, गोड आहे. परीक्षेतलं फळ गेलं म्हणून पप्पांचा जीव कासावीस झाला, पण विहिणीला बोलणार काय. मी त्यांना सांगितलं, मयुराला यातलं काही सांगू नका. त्यांनी पप्पांकडे जरा वेळ बघितलं आणि मान हलवली. त्यांनी शब्द पाळला, तेव्हा त्यांच्यावर रागावू नकोस.

दोन दिवसांनी शेडमध्ये बसून आम्ही चिकू कापले. काळीतले निम्म्याहून जास्त डागी. हिरवीतले फार थोडे, पण होते. मग पप्पांना शंका आली, की काळीतले सगळे ओहोळातच खराब झाले असणार. म्हणून त्यांनी ऋषभला पुन्हा बोलावलं आणि काळी फक्त तलासरीपर्यंत नेऊन आणली. त्या ट्रेमध्ये एकही डाग नव्हता. म्हणजे बघ, लांबच्या चांगल्या रस्त्याला काळी बरी आणि शेवटच्या थोड्या वाईट रस्त्याला हिरवी. मी म्हटलं, अहो, जिथे वाईट तिथलीच घ्या, महामार्गावर मी लिंबू हुंगेन. तर ते कापलेले चिकू बोटाने उलटेपालटे करत म्हणाले, "एकही नको. एकही डाग नको मला." त्यांचा आवाज ऐकून सुकी हातातलं काम टाकून बाहेर गेली. आणि घोडं नक्की कुठे पेंड खातंय ते मला तेव्हा कळलं.

मागच्या वेळी जुन्या गाडीत तू मागे डाव्या बाजूला बसली होतीस, पप्पा चालवत होते. मी पुढे. आपण सातव्याच्या ओटीचे खण, नारळ घेऊन माहेरी यायला निघालो होतो. त्या ओहोळापाशी तू म्हणालीस, "पप्पा, हळू." आणि ते म्हणाले, "हळूच आहे गं." एवढंच. डहाणूला पोचेपर्यंत तुझं पोट दुखायला लागलं, आणि पुढचं मी लिहीत नाही. डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच सगळ्यांना बसवून सांगितलं होतं, नाळेला गाठ बसली होती, रस्त्याचा, गाडीचा काही संबंध नाही. ते आपण तिघांनी ऐकलं आणि मला वाटतं, ते बोलणं कुणीच घरी घेऊन आलं नाही.

तू त्यांना दोष दिला नाहीस. एकदाही नाही. कधी कधी वाटतं, दिला असतास तर बरं झालं असतं, ते भांडले तरी असते. तू एसटीने येतेस, ते पिकअप घेऊन स्टँडवर उभे असतात, आणि तू म्हणतेस, "पप्पा, तुम्ही व्हा पुढे, मी रिक्षाने येते." मग ते रिक्षाच्या मागून पिकअप घेऊन येतात. हे मी दोन वर्षं ओट्यावरून बघते आहे. तुझ्या मनात काय असतं ते मला माहीत नाही आणि विचारायचा धीरही होत नाही. तुला ती सीट नकोशी वाटत असेल, ते मी समजू शकते. पण मी पुढे बसले होते, मयू, आणि मी तुला जे खरं ते सांगते. गाडी हळूच होती. बैलगाडीने आम्हाला मागे टाकलं असतं इतकी हळू.

हे गेल्या महिन्यात त्यांनाही सांगून बघितलं. ऐकेनात. उलट चिकूंचं सगळं घेऊन माझ्याबरोबर डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि त्यांना विचारलं, काळी घेऊ की हिरवी. बाई आधी हसल्या. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी बाहेरच्या पेशंटना थांबायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "काका, बाळ ट्रेमध्ये नसतं, पाण्यात असतं. देवाने त्याला तुमच्या दोन्ही गाड्यांपेक्षा चांगलं बसवलेलं असतं." पप्पा म्हणाले, "हो, पण हिरवी घेतली तर चालेल ना?" बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. त्या म्हणाल्या, चालेल. परत येताना मी पिकअपमध्ये म्हटलं, अहो, झाडावरचाही चिकू गळतो, कुणी हात न लावता. त्यांनी गाडी मसोलीच्या फाट्यावर बाजूला घेतली आणि आम्ही तिथे बराच वेळ बसून राहिलो. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं.

तर हिरवी घेतली. ऋषभने आणून दिली, दक्षाने ओवाळली, चाकाखाली लिंबं फोडली. अख्ख्या मसोलीने फोटो काढले. आणि पहिले काही दिवस ती शेडमध्येच उभी होती. पप्पा रोज पुसायचे, आत बसायचे, पण मागे, डाव्या बाजूला. पुढे म्हणून बसत नसत. मी आधी चेष्टा केली, मालक झालात, ड्रायव्हर ठेवा आता. मग एकदा चहा घेऊन गेले तर ते तिथे हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून बसलेले. मी शेजारी बसले. ते म्हणाले, "मला तिला घेऊन ही चालवता येणार नाही. तू चालव." मी म्हटलं, मी कुंपणातली ड्रायव्हर, पिकअप झाडापासून शेडपर्यंत नेणारी. ते म्हणाले, "तू कधी कुणाचा चिकूसुद्धा आपटला नाहीस."

हसू नकोस, मी शिकले. लायसन होतंच. ऋषभ रोज संध्याकाळी वापीहून यायचा, आधी वाडीत, मग बोर्डीच्या रस्त्याला, मग महामार्गावर. "आंटी, ब्रेक प्यार से" हे ऐकून ऐकून कान किटले. गिअर टाकायचे नसतात, ते एक बरं. उंच बसलं की सगळं दिसतं, आणि खरं सांगू, स्वतः चालवताना ती डुलत नाही, लिंबूही लागत नाही. परवा मी तुमच्या चढणीपर्यंत आले होते. ऋषभ शेजारी, पप्पा मागे, त्यांच्या त्या जागेवर. ओहोळापाशी ते मागून म्हणाले, "हळू." मी म्हटलं, "हळूच आहे." आणि आरशात बघितलं तर ते माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "हो. आहे खरी हळू." त्यानंतर डहाणूपर्यंत फक्त ऋषभने एकदा पाणी मागितलं. घरी येऊन पप्पा त्या दिवशी पोटभर जेवले.

तुझ्या मोगऱ्याच्या कलमांचं काय करायचं ते विनोदशी बोलले आहे. तू नसताना पाणी तो घालेल, आणि पाड्यावरच्या बायकांना छाटणी आता येते असं तूच म्हणतेस. हिरीबाईंनाही घेऊन यायचं आहे, त्यांच्यासाठी मधली खोली झाडून ठेवली. त्यांचा हात तुझ्या डोक्यावर असला की मलाही झोप लागेल. तुझी उशी उन्हात टाकली आहे. एवढं सगळं मीच ठरवून टाकलं म्हणून चिडशील, चीड. पण ये.

आणि आता ज्यासाठी कागद घेतला ते. येत्या शनिवारी सकाळी मी हिरवी घेऊन येते. गाडी मी चालवणार, हे ठरलं. पप्पांनी बरोबर यावं की नाही, हे ठरलेलं नाही, ते तू ठरवायचंस. त्यांनी मला सांगायला सांगितलं आहे, की मयुराला माझ्याबरोबर गाडीत बसायचं नसेल तर तिने तसं विनोदला सांगावं, कारण द्यायची गरज नाही, मी वाईट वाटून घेणार नाही. ती म्हणाली 'या', तर ती म्हणेल तिथे बसेन, नाहीतर घरीच थांबेन. हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हते, नखं बघत होते. मी तुझ्यावर जबरदस्ती करत नाही. तू 'नको' म्हणालीस तर मी एकटी येईन आणि त्यांना एक शब्द बोलणार नाही. ते म्हणतात, "मी ओट्यावर बसून वाट बघेन, तिला सांग, मला चालेल." त्यांना चालणार नाही, मयू. पण ते बसतील.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून असलेली,
तुझीच
आई